थोडंसं म्हणजे किती

शिवणकारखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. कापडाचे आठ थर ती एका दमात कापायची आणि खालचा तुकडा वरच्याहून केसभरही वेगळा निघत नसे. पण गेलं वर्षभर महिन्यातले चार दिवस तिला टेबलापाशी उभंच राहवत नव्हतं. पोटात कुणी ओलं कापड पिळतंय असं व्हायचं, तासातासाला पाळीच्या कापडाची घडी बदलावी लागायची. शेवटी मालकांनी सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून बसून बटणं लाव, कापायचं दुसरं कुणी बघेल.

घरी नणंदेचं म्हणणं, बाईच्या जातीला हे असायचंच. "आम्ही काय कमी सोसलं, वहिनी? तोंडातून ब्र काढला नाही."

"काढायला हवा होता, वन्सं," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र नणंदच पिशवी घेऊन दवाखान्याला सोबत निघाली.

आधीच्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, गर्भाशय थोडंसं मोठं, बाकी ठीक. कात्रीने तो कागद नव्या डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.

"थोडंसं म्हणजे किती?"

डॉक्टरीणबाई हसल्या.

"आमच्या टेबलावर थोडंसं चालत नाही. अख्खा ढीग वाया जातो." मग तिने पिशवीतून कापडाची पट्टी काढली. भिजलेल्या प्रत्येक घडीमागे एक टाका, असे चार महिन्यांचे टाके. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि त्यांचं हसू मावळलं.

आतून सोनोग्राफी त्यांनी स्वतः केली, गर्भाशयाच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या मोजल्या. पुढची चौदा मिलिमीटर, मागची एकतीस. अंगातलं रक्तही फार कमी झालेलं निघालं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, अॅडेनोमायोसिस. गर्भाशयाचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरलेलं, म्हणून ही कळ आणि हा स्राव.

"म्हणजे उसवून वेगळं करता येणार नाही," कात्री म्हणाली.

ते खरंच होतं. पण आत एक लहानसं साधन बसवता येईल, त्यातलं औषध झिरपून अस्तर पातळ राहील. सुरुवातीचे काही महिने डाग पडतील. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या. एवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया.

"गर्भपिशवी काढूनच टाका एकदाची," नणंद मध्येच बोलली. "दोन पोरं झालीत, आता काय करायचीय?"

"वन्सं, कापायचं केव्हा, ते मी ठरवणार."

तिने साधन बसवून घेतलं.

पहिल्या तारखेला टेबलावर बटणांचा डबा ठेवलेला होता. कात्रीने तो उचलून मालकांच्या हातात दिला आणि सगळ्यांच्या देखत आजाराचं नाव सांगितलं, गर्भाशय या शब्दासकट. मालक छताकडे बघू लागले.

"उपचार चालू आहेत, वेळ लागेल. वाईट दिवसांत मला उंच स्टूल हवं. कात्री मी देणार नाही."

शिलाई मशीनं थांबली होती. मालक डबा घेऊन आत गेले, मग स्वतःच्या खोलीतलं स्टूल आणून टेबलाशी ठेवून गेले.

जेवणाच्या सुट्टीत काजं करणारी एक बाई तिच्याजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, "तासातासाला... माझंही तसंच आहे."

कात्रीने चिंधीतून एक लांब पट्टी कापली आणि सुईदोऱ्यासकट तिच्या हातात ठेवली.