माझ्या पायथ्याशी बर्फ साचत नसे

मी श्वेत समुद्राकाठचा एक जुना लाकडी दीपस्तंभ आहे. मित्रांनो, माझ्या पहिल्या आठवणीला रॉकेलचा वास आहे. माझा दिवा सांभाळणारी उस्तिन्या रोज संध्याकाळी जिना चढायची, काच पुसायची आणि वात लावताना म्हणायची, "ऊठ रे म्हाताऱ्या, माणसं घरी यायचीत!" तेव्हा मी चांगला तरुण होतो. शेजारी कोळ्यांनी नवसाचा उंच क्रूस उभारला होता. समुद्रातून जिवंत परतलेला माणूस त्याला कापडाची पट्टी बांधायचा.

मग हेलिकॉप्टरने एक जड पेटी आणली. तिच्या पोटात स्ट्रॉन्शियम होते, कॅल्शियमचेच भावंड. पण याचे अणू आपोआप रूप पालटत. त्यातून किरण आणि उष्णता निघे आणि त्या उष्णतेची वीज होई. आता तेल नको, वात नको, माणूसही नको. पेटीवाल्यांनी जाताना उस्तिन्याला बजावले, "काकू, पेटीचं कवच आहे तोवर भीती नाही. ते निघालं तर मात्र जवळ फिरकू नका. किरण अंग जाळतात. अन् त्यातला कण पोटात गेला, तर हाडं त्याला कॅल्शियम समजून जपून ठेवतात."

उस्तिन्या गावात राहायला गेली. लोकांनी माझी वाहवा केली, आणि हळूहळू ते मला विसरले. सुमारे एकोणतीस वर्षांत त्या धातूचे बळ निम्मे होते. माझा दिवा मंदावला, तरी कोणी पाहायला आले नाही. शेवटी भंगारचोरांनी कवच उचकटून नेले आणि आतली स्ट्रॉन्शियमची गरम नळी माझ्या पायथ्याशी उघड्यावर टाकली. मी विझलो. त्या नळीभोवती मात्र बर्फ टिकत नसे.

एका हिवाळ्याच्या तोंडी म्हातारी उस्तिन्या क्रुसाला पट्टी बांधायला आली. होडी जावई येरेमेयने वल्हवली होती. उतरताना तो पाण्यात पडला, होडीची वल्ही वाहून गेली. दात वाजवत तो वर आला आणि त्याला ती बर्फ नसलेली जागा दिसली.

"सासूबाई, देवानं चूल पेटवून ठेवलीय! हातमोजे वाळवतो, मीही शेकतो."

मला ओरडता येत नव्हते.

"मागं फिर, मेल्या!" उस्तिन्या कडाडली. "तिथं बर्फ का नाही, ते विचार की आधी!"

"गोठून मेलो तर लेकीला काय सांगाल?"

"गोठलास तर एकदाच मरशील. तिथं शेकलास तर महिनाभर मरत राहशील. चल इकडं!"

तिने त्याला ओढत दूर खडकाआड नेले, आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि होडीतला, संकटात मदत मागायचा दारूचा बाण आकाशात सोडला. लालभडक उजेड पडला. मित्रांनो, तो लाल रंगही स्ट्रॉन्शियमचाच, पण किरण न सोडणाऱ्या शांत जातीचा. जे काम माझ्याने होईना, ते त्याने केले. दूरच्या मचव्यांवरच्या कोळ्यांनी तो उजेड पाहिला आणि येरेमेय वाचला.

नंतर जाणकार माणसे जाड शिशाचे पिंप घेऊन आली आणि ती नळी जपून घेऊन गेली. आता माझा दिवा सूर्याच्या उन्हावर चालतो. येरेमेय वाचल्याची पट्टी उस्तिन्याने क्रुसाला बांधली नाही, माझ्या कठड्याला बांधली. म्हणाली, "विझलास, पण दोष तुझा नव्हे रे, म्हाताऱ्या."

मुलांनो, जी वस्तू तुमच्यासाठी राबली, तिचे काम संपल्यावर तिला उघड्यावर टाकू नका. तिला न्यायला कोणीतरी या.

आता माझ्या पायथ्याशी कमरेएवढा बर्फ साचतो. गारठा फार लागतो, पण बरे वाटते.