दहा मिनिटांचं वाचन

बाइंडरनं बायकोच्या टेबलाचा खण उघडला तो सुईसाठी. सुई मिळाली नाही, पण फडक्यात गुंडाळलेल्या चार गुळगुळीत नळ्या मिळाल्या. एकीपेक्षा एक जाड, टोकाला गोल. चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला हातात येईल ते अवजारच वाटतं. घडी दाबायला बायकोनं काहीतरी नवं आणलं असावं असं समजून त्यानं एक नळी उचलली आणि कागदाच्या घडीवरून फिरवली. घडी झकास बसली. पाच फर्मे, म्हणजे शिवायच्या घडीव पानांचे गठ्ठे, दाबून होतात तोच बायको आत आली आणि दारातच थबकली.

"ते तुमच्या कामाचं नाही," ती म्हणाली. नळी काढून घेऊन ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, तेव्हा मात्र बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं.

दोघांचा संसार आणि धंदा एकाच छपराखाली. ती फर्मे शिवायची, तो पुठ्ठा चढवायचा. मागच्या वर्षी तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. पाच आठवडे बाहेरून किरणांचा शेक झाला, मग आतून. आजार हटला. डॉक्टर खूश, मुलगी खूश. फक्त शेक संपल्यापासून बाइंडर दुकानातल्या बाकावर झोपत होता. माझ्या खोकल्यानं तुझी झोपमोड होते, असं त्यानं सांगितलं होतं. त्याला खोकला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खरं कारण सांगायची त्याची छाती नव्हती. खळ ओली असेपर्यंत पुस्तक उघडायचं नसतं. दाबाखाली ठेवायचं आणि हात आवरायचा, हे तो पोरवयात शिकला होता. बायकोचंही आत अजून कच्चं असणार, आपण हात लावला तर काहीतरी उसवेल, अशी त्यानं मनाशी गाठ मारली. विचारणार कुणाला? रद्दीतला कागदही वाचल्याशिवाय न टाकणारा हा माणूस. पण हॉस्पिटलनं दिलेलं माहितीपत्रक त्यानं न उघडताच तिच्या हाती दिलं होतं. बायकांचं आहे म्हणून.

आता तिनं सगळं सांगितलं. शेकानंतर योनिमार्ग आखडतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, म्हणून सिस्टरनं या नळ्या दिल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, जेली लावून, दहा मिनिटं आत ठेवायची. महिनाभर तिनं केलं, मग सोडून दिलं. दुखायचं. "आणि करायचं तरी कुणासाठी?" हे ती दोऱ्याच्या रिळाकडे बघत म्हणाली. मंगळवारी तपासणी होती, तिला जायचं नव्हतं. बाइंडर म्हणाला, मीही आत येतो. आजवर तो बाहेरच पुस्तकात तोंड खुपसून बसायचा.

मंगळवारी डॉक्टरांना नीट तपासता आलंच नाही, मार्ग इतका आखडला होता. मग सिस्टरनं दोघांना समोर बसवलं. बाई बोलायला रोखठोक. आजार परत येतोय का हे याच वाटेनं बघायचं असतं, त्यामुळं हे आधी तुमच्या स्वतःसाठी, नवरा नंतर, असं तिनं बायकोला बजावलं. पुन्हा सगळ्यात बारीक नळीपासून सुरुवात करायची. दुखलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. दोन-चार थेंब रक्त आलं तर घाबरायचं नाही, जास्त आलं तर फोन करायचा.

मग ती बाइंडरकडे वळली. "काका, तुमचं काय?"

फरशीकडे बघत त्यानं खळीचं सांगितलं. सिस्टरनं हसू मोठ्या कष्टानं गिळलं. शेकाचा अंश अंगात उरलेला नाही, हा आजार जवळ गेल्यानं तुम्हाला होणार नाही, आतली जखम भरली आहे, असं तिनं एकेक करून सांगितलं. आणि जवळ येणं म्हणजे लगेच सगळं उरकणं नव्हे, हेही.

"खळ एका रात्रीत वाळते," बायको म्हणाली. "तुम्ही मला आठ महिने दाबाखाली ठेवलंत."

बाहेर पडल्यावर जिन्यात बाइंडर थांबला. "मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मला वाटलं, तुम्हाला किळस येते."

त्यानं तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. ती पडद्याआड पलंगावर आडवी झाली. तुम्ही बाहेरच बसा, पण काहीतरी वाचा, दहा मिनिटं सरता सरत नाहीत, असं तिनं सांगितलं. हाताशी एकच सुटा फर्मा होता, मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकातला, वाक्याच्या मधूनच सुरू होणारा. बाइंडरनं घसा खाकरून सुरुवात केली. राणी नाहीशी झाली तर पेटीतल्या माश्या दोन दिवसांत बेचैन होतात, इथवर तो आला.

"दोन दिवसांत," पडद्याआडून आवाज आला. "माश्यांना तेवढी तरी अक्कल आहे."

तो हसला, तीही हसली. हसल्यानं अंग सैल पडतं, असं तिनं नंतर सांगितलं. मधमाश्या संपल्या, मग कायद्याचं एक पुस्तक आलं, ते तिनं तिसऱ्या पानावर बंद करायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात फार दुखलं, दोन दिवस सुट्टी घेतली, पुन्हा धरलं. दुसऱ्या महिन्यात दुसरी नळी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं नीट दिसलं, आणि जे दिसलं ते चांगलं होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी दहा मिनिटं संपली, तरी ती उठून बाहेर आली नाही.

"अहो, आत या. आधी हात धुवा."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. आत गेला तर जेलीची ट्यूब उशाशी काढून ठेवलेली.

"दुखलं तर मी सांगेन. तेव्हा थांबायचं."

"थांबतो."

"पण सारखं सारखं विचारायचं नाही."

त्यानं दोनदाच विचारलं.