सलाम घेणारी जीप

मिलिटरीच्या जुन्या जिपला चावी नसते, नुसता खटका असतो. लढाईत जवान चाव्या शोधत बसेल का? पण दगा, माझा गॅरेजातला पार्टनर, आधीचा कापडाच्या लूमचा मिस्त्री, गाड्यांत नवा. लिलावातली जीप ओढत इच्छापोरच्या गॅरेजवर आणली, तर हा सगळं सोडून चावी शोधतोय.

मी म्हटलं, "येड्या, फौजी गाडी आहे. सलाम ठोकल्याशिवाय उठत नाही."

त्याला खोटं वाटू नये म्हणून मी माझ्या सीटखाली एक चोरखटका बसवला. टाचेनं दाबला की करंट बंद, परत दाबला की चालू. दगानं सलाम न करता स्टार्टर मारला, तर जीप मढं. सलाम केला, तर लगेच गुरगुर. मग काय, दगा रोज सकाळी अगरबत्तीच्या आधी जिपला सलाम करायचा आणि जीप उठली की मी ऑइलच्या डब्यांमागं जाऊन हसायचो. पोट दुखायचं, शप्पथ.

एवढ्यात दगाच्या पोरीचं, हर्षदाचं लग्न आलं. व्याही सुकदेवअप्पा म्हणजे पट्टीचा रुसणारा. साखरपुड्याला बासुंदी पातळ म्हणून रुसला, टोपी घट्ट झाली म्हणून रुसला. आता त्याला पोरगा मिरवायला उघडी गाडी पाहिजे. दगानं आमची जीपच घासूनपुसून, झेंडूच्या माळा लावून नेली.

"भंगारात बसवता माझ्या पोराला?" अप्पा कडाडला. "रस्त्यात बंद पडली ना, तर वरात माघारी नेईन!"

दगाचं तोंड एवढंसं झालं. मी कानात सांगितलं, "घाबरू नको, तू चालव, मी बसतो शेजारी." आज खटक्याला टाच लावायची नाही, हे माझं पक्कं होतं. मस्करीलाही हद्द असते.

लिंबायतच्या वळणावर मांडव दिसला, बँड तापला आणि जीप गचकन बंद. मी टाच दाबली. काही नाही. परत दाबली. मढं ते मढंच.

अप्पा पुढं आला. "बघा! बोललो होतो ना?"

दगा स्टिअरिंगवरनं थंडपणे बोलला, "अप्पा, फौजी गाडी शे. सलाम करा बिगर हालत नही. रोज मी करस, आज मान तुमना."

"काय फालतूपणा लावलाय!"

"गजाभाऊले ईचारा."

सगळी वरात माझ्याकडं बघायला लागली. "खरं आहे, अप्पा," मी म्हटलं. बायका पदर तोंडाला लावून खुसखुसल्या. मांडवातनं भटजी मुहूर्त मुहूर्त ओरडतोय. शेवटी नवरदेवच मागनं वैतागला, "करी नाखो ने एक सलाम, पप्पा!"

अप्पानं इकडंतिकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि नवरीच्या बापासमोर ताठ उभं राहून सलाम ठोकला. जीप गुरगुरली! बँडवाल्यांनी नुसता धुमाकूळ घातला.

मी वाकून सीटखाली बघितलं. माझ्या खटक्याच्या वायरी कापलेल्या, आणि दगाच्या टाचेखाली नवाकोरा खटका.

"कधी कळलं रे तुला?"

"दुसराच रोजले."

"मग इतके दिवस सलाम कशाला मारत होता?"

दगानं गियर टाकला. "तू डबासना मांगे लपीसन हासे ना, ते पाहाले भलती मजा ये."