चहाचे दोन थांबे

"आणि हे दोन लाल ठिपके कसले?" सिद्धेश्वरी मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

वर्गातल्या माना हुसेनसाबांकडे वळल्या. पडद्यावर त्यांचाच रस्ता होता. सोलापुरातल्या डेअरीतून पहाटे निघायचं, वळसंगच्या पुढच्या गावांतून दूध घ्यायचं आणि परत यायचं. हा रस्ता त्यांनी आधी टेम्पो चालवून आणि मग सुपरवायझर म्हणून दुसऱ्यांकडून चालवून घेऊन अर्ध्या आयुष्यात पुरता पाठ केला होता. नकाशावर तो निळ्या दोऱ्यासारखा पडला होता. दूध भरायचं तिथं हिरवे ठिपके होते. लाल दोनच, दोन्ही परतीच्या वाटेवर. एक वळसंगच्या अलीकडच्या फाट्यावर, दुसरा शहरात नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यावर.

"इथं दूध घेत नाही, उतरवत नाही. तरी गाडी रोज थांबते, तीही इंजिन चालू ठेवून. का?"

हुसेनसाब उभे राहिले. गाडीत बसवलेली जीपीएसची डबी इतकं बारीक सांगत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"चहा, मॅडम," ते म्हणाले. "ड्रायव्हर लोक चहाला थांबतात."

"दोन्हीकडं?"

"हो."

शेजारच्या बाकावरची पिंकी खालच्या आवाजात म्हणाली, "चाचा, एका फेरीत दोन-दोन चहा? पित्त होईल की ड्रायव्हरला." पिंकी एका कुरिअर कंपनीत पार्सलं लावायचं काम करायची. तिचा खालचा आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. वर्ग हसला. हुसेनसाबही हसले आणि खाली बसले. बसताना गुडघा कुरकुरला.

शहराबाहेरच्या त्या कॉलेजात मे महिन्याचा वर्ग भरला होता. फाटकावर फलक होता: 'शाश्वत मालवाहतूक आणि स्मार्ट तंत्रज्ञान'. बाहेर ऊन असं की, डांबर चपलेला चिकटत होतं. आत कूलर होता, पण त्याचं पाणी दुपारपर्यंत संपायचं आणि मग तो नुसता आवाज करायचा. वर्गात कुणी कुरिअरचं, कुणी गोदामातलं, कुणी टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून माल पाठवणारं. सगळी तरुण. हुसेनसाबांच्या वयाचं कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी शिपायानं त्यांना, "पालक तिकडं बसतात," म्हणून व्हरांड्यातला बाक दाखवला होता.

डेअरीच्या मॅनेजरनं, इंद्रजीतनं, त्यांना पाठवलं होतं. "चाचा, जुन्या गाड्या जाणार. बॅटरीच्या येणार. तुम्ही हे शिकून या, तुम्हाला कंट्रोल रूममध्ये बसवतो. उन्हातान्हात फिरणं बंद." वाक्य तिथं संपलं होतं. शिकून आला नाहीत तर काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

त्यांच्या बायकोला, रुक्सानाला मात्र गंमत वाटली होती. डबा भरताना ती म्हणाली होती, "इत्ती उमर में इस्कूल? पाटी-पेन्सिल भी देऊं क्या जी?"

डबा हा शब्द हुसेनसाबांच्या डोक्यातून जात नव्हता. फाट्यावर चहाची टपरी नव्हतीच. एक मोडका कट्टा होता. त्या कट्ट्यावर सकाळी आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया डबे घेऊन उभ्या राहायच्या. फडक्यात बांधलेले, झाकणावर ऑइलपेंटनं नाव घातलेले. टेम्पो थांबायचा, डबे केबिनमध्ये यायचे आणि शहरात वसतिगृहाच्या कोपऱ्यावर उतरायचे. तिथं मुली उभ्या असायच्या. भरलेला डबा घ्यायच्या, आदल्या दिवसाचा धुतलेला द्यायच्या. मेसच्या वाचलेल्या पैशांत महिन्याचं बसभाडं, पुस्तकं निघायची. घरची भाकरी पोटात जायची ती वेगळीच.

हे कुणी ठरवलं नव्हतं. हुसेनसाब स्वतः टेम्पो चालवायचे तेव्हा रंभाबाई नावाच्या एका बाईनं हात केला होता. तिचा मुलगा शहरात आयटीआयला होता. "एवढा डबा टाकता का भाऊ जाता जाता?" त्यांनी टाकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी होती. मग तिची शेजारीण. आता त्या मुलाची मुलगी, सृष्टी, नर्सिंगला होती आणि रंभाबाई अजून त्याच कट्ट्यावर उभी राहत होती. एक पिढी त्या केबिनमधल्या डब्यांवर जेवून गेली होती.

पण दुधाच्या गाडीत दुसरी वस्तू न्यायची नाही, असा कंपनीचा नियम होता. मागल्या साली एका ड्रायव्हरनं सासुरवाडीहून दोन कोंबड्या केबिनमध्ये घालून आणल्या. नेमकी त्या दिवशी तपासणी होती. त्याला दुसऱ्या दिवशी काढला. वळसंगच्या गाडीवर आता शिवराज होता. नवीन लग्न, नवीन घरभाडं. डबे म्हणावं, तर शिवराज जाणार. चहा म्हणावं, तर नुसता उशीर. हुसेनसाबांनी उभं राहता राहता एवढाच हिशेब केला होता.

चहा म्हटल्यावर पुढं काय होतं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मॅडमनी पडद्यावर एक तक्ता आणला. प्रत्येक थांब्यासमोर कारण लिहायचं. दूध, डिझेल, दुरुस्ती हे आवश्यक. चहा, गप्पा, विश्रांती हे टाळता येण्यासारखं. जे टाळता येतं ते प्रोग्रॅम आपोआप काढून टाकतो आणि उरलेल्या ठिकाणांचा सगळ्यात कमी धुराचा रस्ता आखतो.

हे सगळं खोटं होतं असं नव्हे. उलट हुसेनसाबांना ते पटत होतं. एका गावाला उलट्या बाजूनं शिरलं तर एक पूर्ण वळसा वाचतो, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. प्रोग्रॅमनं ते पापणी लवायच्या आत दाखवलं, तेव्हा ते "वा!" म्हणाले आणि पिंकीनं टाळी मागितली. बॅटरीची गाडी धूर सोडत नाही, हेही त्यांना मनापासून आवडलं. डिझेलचा धूर आयुष्यभर छातीत भरून त्यांना जो खोकला लागला होता, तो शिवराजला लागू नये असं त्यांना वाटे.

वर्ग सुटल्यावर ते मॅडमच्या टेबलाजवळ रेंगाळले. मॅडम वायर गुंडाळत होत्या.

"मॅडम, समजा... थांब्यावर चहाशिवाय दुसरं काही काम असलं तर?"

"मग ते लिहा की. काय काम?"

"लोकांचं. कंपनीचं न्हाय."

मॅडमचे हात थांबले. त्या अक्कलकोटकडच्या होत्या. खेड्यातली गाडी काय काय वाहते, हे त्यांना सांगावं लागलं नसतं. त्यांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, तुम्ही मला जे सांगाल ते मी रिपोर्टमध्ये घालणार. रिपोर्ट तुमच्या मॅनेजरकडं जाणार. नियमाबाहेरचं असेल तर तेही जाणार. मला गाळता येणार नाही. म्हणून आधी विचार करा आणि मग सांगा. सांगायचं आहे का?"

भिंतीवरचा पंखा कटकट करत फिरत होता. हुसेनसाबांना शिवराजचा चेहरा आठवला. गेल्याच महिन्यात त्यानं पेढे दिले होते. बायकोला दिवस गेले होते.

"चहाच हाय, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. "चहाचं दुकान लावा म्हणावं डेअरीतच," त्या म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं नाही.

मग एका संध्याकाळी ते इंद्रजीतच्या केबिनमध्येही गेले. नियमात थोडी ढील देता येईल का, केबिनमध्ये ड्रायव्हरचं सामान ठेवायला एखादी पेटी... वाक्य पुरं व्हायच्या आत इंद्रजीतनं मोबाईलवर नव्या गाडीचा फोटो दाखवला. पांढरी, गुळगुळीत. केबिनमध्ये कॅमेरा. "चाचा, आता कुठली पेटी? यात पाण्याची बाटली ठेवली तरी मला इथं दिसणार." तो खूश होता. खुशीत त्यानं चहा मागवला. हुसेनसाबांनी तो पिऊन टाकला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपापला रस्ता पडद्यावर मांडायचा होता. हुसेनसाबांची पाळी आली तेव्हा इंद्रजीत पहिल्या रांगेत येऊन बसला होता. हुसेनसाबांना माउसची सवय नव्हती, म्हणून पिंकी शेजारी उभी राहिली.

"चाचा, तो कोपऱ्यातला हिरवा दाबा. मी दाबू का?"

"नको. मीच दाबतो."

त्यांनी दाबलं. निळा दोरा हलला, आखूड झाला, ताणला गेला. दोन्ही लाल ठिपके विझले. मागं डागसुद्धा राहिला नाही. खाली आकडे आले, किती धूर वाचला, किती वेळ वाचला. इंद्रजीतनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. हुसेनसाबांना प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव बरोबर छापलं होतं. फोटोत पिंकी त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "चाचा, हसा की जरा. पास झालाय तुमी."

नवी गाडी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शिवराज धुतलेल्या रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन आला. जुन्या टेम्पोची ती शेवटची फेरी होती.

"चाचा, पोरींनी हे दिलंय. उद्यापास्नं कसं करायचं?"

"बायांना सांगितलंस का?"

शिवराज पायाकडं बघत राहिला. "न्हाय सांगितलं. तोंडच उघडलं न्हाय माझं. रंभाआजी म्हनली, उद्या वांगं करते, सृष्टीला आवडतंय. मी व्हय म्हनून आलो."

"ठेव पिशवी तितं," हुसेनसाब म्हणाले.

सकाळी ते कंट्रोल रूमला गेले नाहीत. पिशवी हँडलला अडकवून मोटरसायकलवरून फाट्यावर गेले. डबे एकमेकांवर आपटत होते. कट्ट्यापाशी बाया उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एकदम सांगून टाकलं. गाडी बदलली, आता थांबणार नाही, डबा घेणार नाही. इतक्या थोडक्यात की, सांगून झाल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. एकीनं कपाळाला हात लावला. एकीनं विचारलं, "पैसं पडत्यात का? आमी देतो की." ते नाही म्हणाले. रिकामे डबे जिचे तिला दिले आणि एकेक बाई भरलेला डबा परत घेऊन वस्तीकडं चालू लागली.

रंभाबाई गेली नाही. ती रस्त्याकडं कान देऊन उभी होती.

"आक्का, मी काय सांगितलं ते ऐकलं न्हवं?"

"ऐकलं की. पर टेम्पो तर येऊ दे. शिवराजला इचारते एकदा. पोरगं न्हाय म्हननार न्हाय." तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. जुना टेम्पो ओढ्याच्या पुलावर चढला की त्याचा आवाज तिला घरात ऐकू यायचा, मग ती चुलीवरची शेवटची भाकरी उतरवायची.

पांढरी गाडी वळणावरून आली. टायरांखाली खडी चुरचुरली, बाकी काही नाही. शिवराज सरळ समोर बघत होता. कॅमेरा होता. त्यानं स्टिअरिंगवरची दोन बोटं वर केली आणि गाडी गेली. रंभाबाईचा पदर वाऱ्यानं हलला.

"कुणाची रं मोटार ती?"

"आपलीच," हुसेनसाब म्हणाले. "दुधाची. तीच गेली."

रंभाबाईनं त्या दिशेला तोंड केलं.

"आवाज न्हाय की तिला."

"न्हाय."

"कुनी काढलं हे?"

"मीच. शाळंत गेलो हुतो. तितं शिकलो." मग त्यांनी हात पुढं केला. "आजचा डबा द्या, आक्का. मी जातोय शहरात. सृष्टीला पोचवतो."

"आन् उद्या?"

हुसेनसाबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. उद्या त्यांना पहाटेपासून कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसायचं होतं.

"मग आज तरी कशाला," रंभाबाई म्हणाली. "पोरीला आजच कळू दे."

ती कट्ट्यावर बसली, फडक्याची गाठ सोडली. वांग्याचा वास आला. भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्यावर वांगं घालून तिनं त्यांच्यापुढं धरला.

"खावा. गार झाली की चिवट हुतीया."

हुसेनसाब बसले. इतकी वर्षं त्यांनी हा डबा नेला होता, झाकण कधी उघडलं नव्हतं. भाकरी गरम होती. रंभाबाईनं स्वतः काही खाल्लं नाही. ती ऊन वर येताना बघावं तशी बसून होती.

खाऊन झाल्यावर त्यांनी पिशवीत उरलेला शेवटचा रिकामा डबा काढून तिच्या हातात दिला. झाकणावरचं सृष्टीचं नाव अर्धं उडालं होतं. डबा रिकामा परत पाठवायचा नाही म्हणून मुली त्यात नेहमी काहीतरी टाकायच्या. लिमलेटची गोळी, बिस्किट, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

रंभाबाईनं डबा कानाशी नेला आणि हळूच हलवला. आत काहीतरी वाजलं. तिनं पुन्हा एकदा हलवला, ऐकलं, आणि न उघडता तो काखेत धरून वस्तीच्या वाटेला लागली.