जागा धरणारा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. हो, खांद्यावरचा! पण अंग पुसायचं काम मला सांगू नका. माझा धंदा जागा धरायचा.

सोलापुरात विणला गेलो, भोरच्या बाजारात आलो आणि हिर्डोशीच्या कोंडिबांनी मला घेतलं. त्याच दिवशी भोरच्या स्टँडवर एसटी वळत असतानाच त्यांनी मला खिडकीतून आत भिरकावलं. मी सीटवर पडलो आणि सीट त्यांची झाली. आमच्याकडे गाड्या मोजक्याच, रस्ता वळणावळणाचा. उभ्यानं जायचं नसेल तर माझ्यावाचून इलाज नाही. कुणी मला उचलून बाजूला ठेवायला गेलं, की कोंडिबा दारातूनच ओरडायचे, "टावेल दिसंना व्हय?" मग समोरचा मुकाट्यानं सरकायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार माज होता.

यंदा त्यांच्या दिल्लीच्या मुलाला, कुमारला, मुलगी झाली. बारशासाठी कोंडिबा पहिल्यांदाच विमानानं निघाले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी आणि खांद्यावर मी. पुण्याच्या विमानतळावर बसलो होतो, तोच घोषणा झाली. तिकिटं जास्त विकली गेली होती, एक जागा कमी पडत होती. कुणी स्वखुशीनं आपली जागा सोडून उद्या सकाळच्या विमानानं जाईल का?

जागा कमी म्हटल्यावर कोंडिबा ताडकन उठले. काउंटरवरच्या सोनियापुढे त्यांनी मला ठेवलं. "बाई, येवढा टावेल आदी खिडकीच्या शीटवर टाकून या."

सोनियाला हसू आवरेना. "आजोबा, तुमची जागा पक्की आहे. जागा हिला मिळत नाहीये."

शेजारी प्रेरणा उभी होती, रडून डोळे लाल झालेली. कबड्डी खेळायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच दिल्लीत संघाची निवड होती आणि सकाळच्या विमानानं ती वेळेत पोचणार नव्हती. बाकीचे प्रवासी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

कोंडिबा मला खांद्यावर टाकून वळले, पण जाईनात.

"पोरी, ही गाडी चुकली तर दुसरी न्हाई व्हय?"

"नाही ना, आजोबा. तोवर निवड संपून जाईल."

"आमच्याकडं बी तसंच आस्तं. बाई, माजी शीट हिला द्या. बारसं उद्या सांजच्याला हाय, म्या सकाळच्यानं जातो."

मी असा चरफडलो! जन्मात पहिल्यांदा विमानात जागा, आणि ती अशी सोडायची? तेवढ्यात त्यांनी मलाच तिच्या हातात दिलं. "ह्यो शीटवर टाक. मग कुनाची उठवायची टाप न्हाई. कुठली गं तू?"

"सांगलीची."

"आसू दे, आसू दे."

विमानात प्रेरणानं मला खरंच आधी सीटवर टाकलं. मग माझ्यातच तोंड लपवून ती पोटभर रडली आणि हसलीही. डोळे पुसताना मला जराही कमीपणा वाटला नाही.

तिची निवड झाली! मला परत करायला तिनं विमानतळावर घेतलेल्या नंबरवर फोन केला, तर कोंडिबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं, म्या दुसरा घेतला." ते मला जरा लागलंच.

पण कोंडिबा, मी इथे मजेत आहे. प्रेरणा अजून राखीव खेळाडू, त्यामुळे बाकावर बसते. नाव पुकारलं की मला बाकावर टाकून मैदानात धावते. मी तिची जागा धरून ठेवतो, सवयच ती. पण खरं सांगू? या जागेवर तिनं परत बसायला येऊच नये, असं मला वाटतं.