काळ्या मातीची गाजरं

ग्लेंडा पेथिकने गाजर नळाखाली धरलं. सिंकमधून वाहणारं पाणी काळं होतं.

तिने दुसरं गाजर घेतलं, अंगठ्याने खरवडलं. तेही तसंच. वाळलेल्या मातीत हा रंग तिच्या ध्यानातच आला नव्हता. आता आमच्या डेव्हन परगण्याच्या या भागात माती लाल, विटेसारखी लाल. बुटांना लागते, कुत्र्याच्या पायांना लागते, नवरीच्या पांढऱ्या झग्यालासुद्धा सोडत नाही. काळी माती पार इंग्लंडच्या पूर्वेकडे, दलदलीच्या मुलखात. आणि ज्या विल्फ लस्कूमकडून ही भाजी आली, त्याचं शेत तर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

रविवार, सकाळचे साडेअकरा वाजले होते. एक वाजता लेक यायची होती, टॅम्सिन, नातीला घेऊन.

या एका जेवणासाठी बाईने किती जीव टाकला होता! नात बेट्सी सहा वर्षांची. जरा इकडचंतिकडचं पोटात गेलं की पोरीच्या अंगावर चट्टे उठायचे. डॉक्टरांना कारण सापडेना. मग टॅम्सिनने नियमच केला, की पोरीच्या तोंडात जाईल ते जवळच्या शेतातलं आणि औषध न मारलेलं. ग्लेंडाला ही सगळी थेरं वाटली. गेल्या उन्हाळ्यात तिने दुकानातल्या स्ट्रॉबेऱ्या "शेतातल्याच आहेत गं" म्हणून बेट्सीला खाऊ घातल्या. संध्याकाळपर्यंत पोर खाजवून खाजवून रडवेली झाली. टॅम्सिन ओरडली असती तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "स्ट्रॉबेऱ्यांचं सोड, आई. तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस." त्यानंतर बेट्सी या घरात जेवलेली नव्हती.

गावच्या पोस्टात सारा जन्म खिडकीमागे बसून काढलेली ही बाई मग हट्टालाच पेटली. घरपोच भाजीची पेटी देणारा चांगला माणूस हुडकायचाच. पहिल्याच्या कांद्यांवर हॉलंडचं लेबल निघालं. दुसऱ्याने फेब्रुवारीत टोमॅटो पाठवले. "तुमच्या शेतात वेगळा सूर्य उगवतो काय हो?" असं फोनवर विचारून तिने ती पेटी परत धाडली. शेवटी गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून ती स्वतः विल्फच्या चिखलात उतरली, वाफ्यावाफ्यातून हिंडली, आणि म्हणाली, "गुरुवारी घेऊन ये." तेव्हापासून दर गुरुवारी दारात लाकडी पेटी. ती पेटीचा फोटो काढायची, मातीसकट, आणि टॅम्सिनला पाठवायची. किती आठवडे उत्तर नाही. मग एकदा आलं, "बरं. रविवारी येतो आम्ही."

ग्लेंडाने ओल्या हातानेच फोन लावला.

"विल्फ, गाजरं कुठली रे ही?"

"आपलीच की, मिसेस पेथिक. खालच्या शेतातली."

"खालच्या शेतातली माती काळी कधीपासून झाली?"

पलीकडे विल्फने घसा खाकरला.

"मी इथेच जन्मलेय, बाबा. मला शेंडी लावू नकोस."

"संपली हो," विल्फ एकदम म्हणाला. "मार्चमध्येच संपली. हिवाळ्यातलं संपलेलं, उन्हाळ्यातलं अजून बोटभर. दर एप्रिलला हीच रड. लोक म्हणतात, नुसता कोबी किती खायचा? म्हणून घाऊक बाजारातून आणली."

"औषध मारलेली?"

"मी... मी विचारलं नाही."

"आणि मातीसकट बरी मिळाली!"

"मुद्दाम मागून घेतली. धुतलेली असती तर बाजारातली म्हणून लगेच ओळखू आली असती ना."

त्याला फोनमधून ओढून बाहेर काढावं असं ग्लेंडाला झालं. "अरे गाढवा, अर्धी पेटी रिकामी दिली असतीस तरी मी घेतली असती!"

"बाकी सगळं माझंच आहे. बटाटे, लीकची जाड पात, कोबी, शपथ घेऊन सांगतो. कुणाला बोलू नका हो. सगळी गिऱ्हाइकं जातील माझी."

तिने फोन ठेवला. कालच बेट्सीने फोनवर विचारलं होतं, "ग्रॅनी, मधातली गाजरं करशील ना?" आणि हिने "पेटीत आलीयेत बघ!" म्हणून टाकलं होतं. आता नाहीत म्हणावं, तर का नाहीत ते सांगावं लागणार. ते सांगितलं की अख्खी पेटीच संशयात, आणि पेटीबरोबर ही आजीसुद्धा. गाजरं धुतली की कोण बघतंय?

तिने धुतली. मग सिंकही घासून काढलं. लोणी आणि मध घालून गाजरं ओव्हनमध्ये सरकवली.

एकला टॅम्सिन आली. कोट काढला, पण खांद्यावरची पिशवी आपल्याच खुर्चीखाली ठेवली. बेट्सीने आजीच्या कमरेला मिठी मारली आणि तडक टेबलाकडे धावली.

"गाजरं!"

"विल्फची?" टॅम्सिनने विचारलं.

"विल्फच्या पेटीतली," ग्लेंडा म्हणाली. शब्द अगदी खरे होते. तिचं तिलाच ते ऐकवेना.

टॅम्सिनने मान हलवली आणि लेकीच्या ताटात तीन गाजरं वाढली. बेट्सीने एक काट्याला टोचलं, वर धरलं, त्याच्यावर फुंकर मारली. मध ओघळून ताटात पडला. पोरीने तोंड उघडलं.

"थांब!" ग्लेंडा इतक्या जोरात ओरडली की काटा खणकन खाली पडला. "नको खाऊस, राणी. ती विल्फच्या शेतातली नाहीत. बाजारातली आहेत. मला सकाळीच कळलं होतं, टॅम्सिन. कळलं, आणि तरी मी ती धुऊन शिजवली."

टॅम्सिनने वाकून खुर्चीखालची पिशवी उचलली. संपलं, ग्लेंडाच्या मनात आलं, आता निघणार. पण टॅम्सिनने पिशवीतून एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. झाकणावर बेट्सीचं नाव होतं.

"डबा घेऊन आलीस?"

"हो," टॅम्सिन खाली बघत म्हणाली.

म्हणजे ती येताना विश्वास ठेवून आलीच नव्हती. ग्लेंडा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. रडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

टॅम्सिनने झाकण अर्धवट उघडलं आणि तिथेच थांबली.

"बटाटे कुणाचे?"

"विल्फचे. लीकसुद्धा. सालं बादलीत आहेत. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तुझ्या डोळ्यांनी बघ."

टॅम्सिन उठली. बादलीत हात घालून तिने मूठभर सालं वर काढली, खिडकीपाशी नेली, बोटांवर माती चोळली. परत आली तेव्हा तिची बोटं लाल होती. तिने डब्याचं झाकण दाबून बंद केलं, बेट्सीच्या ताटातली गाजरं उचलली, ताट पुसलं आणि आईच्या पातेल्यातले बटाटे आणि लीक त्यात वाढले.

"आणि गाजरं?" बेट्सी हिरमुसली.

"जूनमध्ये," ग्लेंडा म्हणाली.

निघताना डबा टेबलावरच राहिला. ग्लेंडा तो घेऊन मोटारीपर्यंत धावली. टॅम्सिनने काच खाली केली.

"असू दे, आई. पुढच्या रविवारी नेईन."

संध्याकाळी ग्लेंडाने तो डबा उघडला. कोबी आणि बटाटा, नखाएवढे बारीक तुकडे करून लेकीने शिजवलेले. तिने ते गरम केले नाहीत. मीठ कमी होतं. तिने वरून घातलं नाही, डबा पुसून खाल्ला, धुतला आणि खिडकीत वाळत ठेवला.