नांदेडला दोन दिवस

शनिवारी सकाळी सव्वानऊला चाकूरच्या बसस्थानकात शिवगंगाचा फोन वाजला. लातूरहून शेजारीण चांदबी बोलत होती.

"गंगाबाई, ड्रमची चावी किधर रखे तुम? टँकर आया ना गल्लीत."

शिवगंगाचा हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्रातल्या पिनेला किल्ली होती.

एप्रिल २०१६. लातूरला त्या महिन्यात पाणी रेल्वेनं येत होतं आणि तिथून टँकरनं गल्लीत. टँकर कधी आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. वार कुणी सांगत नव्हतं. मार्चमध्ये घागरींवरून दोन बायकांची डोकी फुटली, तेव्हा गल्लीनं बसून नियम केला. घागरी बंद. दर घरी एक ड्रम, पाइप थेट ड्रममध्ये. ज्याचा ड्रम उघडा नाही त्याला सोडून पाइप पुढे जाणार. शेवटी टँकरमध्ये काही उरलं, तर राहिलेल्यांना.

नियम झाल्यावर ड्रममधलं पाणी चोरीला जायला लागलं. चांदबीचा नवरा सरदार वेल्डिंगचं काम करायचा. त्यानं गल्लीतल्या निम्म्या ड्रमांच्या झाकणांवर लोखंडी पट्टी मारून दिली. शिवगंगाच्या ड्रमला कुलूप लागलं ते तिच्या वडिलांचं. माणिकप्पा नांदेडच्या गिरणीत बॉयलर खात्यात होते. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्यांनी आपली पेटी रिकामी केली आणि तिचं कुलूप खिशात घालून बाहेर पडले. गिरणीतून त्यांच्याकडे आलेली तेवढी एकच वस्तू.

नांदेडला जायचं ठरत होतं ते त्या गिरणीसाठीच. तिचं धुराडं पाडणार होते. रविवारी सकाळी पाडतील, असं माणिकप्पांच्या मुलानं, वीरभद्रनं, फोनवर सांगितलं. वीरभद्र नांदेडलाच राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याचं आणि वडिलांचं काहीतरी बिनसलं आणि माणिकप्पा लातूरला लेकीकडे आले. काय बिनसलं ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. लेकीच्या घरी त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा दिला तर घेत. आंघोळीला तांब्याभर पाणी घेत आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की पूजेचं पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकत.

धुराड्याचं ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, "एकदा बघून आलो असतो."

शिवगंगाचा नवरा भीमाशंकर आडत दुकानात मुनीम. रविवारी धान्याचा मोंढा बंद. शनिवारची रजा त्यानं मागून घेतली. पहिला बेत सरळ होता. बापलेकीनं जायचं, भीमाशंकरनं टँकरसाठी घरी थांबायचं. तो माणिकप्पांनी मोडला.

"जावईबापू न्हाई आले तर मी न्हाई जात."

"अप्पा, कुणीतरी ड्रमपाशी पाहिजे की," शिवगंगा म्हणाली.

"एकटी लेक बापाला घेऊन पोराच्या दारात गेली, तर लोक काय म्हणतील? जावयानं काढून दिलं म्हणतील. वीरभद्रची बायको तर पहिल्यांदा म्हणंल."

"म्हणू द्या. मी काढलं का तुम्हाला?" भीमाशंकरनं विचारलं.

"न्हाई काढलं. म्हणून तर तुम्ही पाहिजे सोबत."

दुसरा बेत होता टँकर येऊन गेल्यावर निघायचा. गुरुवारी टँकर येणार म्हणून गल्ली दिवसभर उन्हात बसली. आला नाही. शुक्रवारीही आला नाही. संध्याकाळी भीमाशंकर दुकानातून आला तो ओट्यावर बसला. शिवगंगा म्हणाली, "जाऊ द्या. नगं जायला." आत माणिकप्पा पिशवी भरत होते ते थांबले, आणि त्यांनी धोतर परत दोरीवर टाकलं.

तेव्हा चांदबी भिंतीपलीकडून बोलली. "मैं किसलिए हूँ? चावी देके जाव. तुमचा ड्रम भरून ठेवते, फिर मेरा."

"दोन दिवस, चांदबी."

"दो दिन में नांदेडवाले तुमको ठेवून थोडी घेणार हाय? उनके यहाँ बी नळ चार दिन को येतो म्हणे. विष्णुपुरी धरण तळाला गेलं."

वीरभद्रनंही तेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत. "अक्का, या. पण आंघोळी करून या."

म्हणून शनिवारी सकाळी तिघांनी लातूरलाच आंघोळ करायची ठरवली. भीमाशंकरनं अंग पुसून घेतलं, ती त्याची आंघोळ. माणिकप्पा म्हणाले, मी नांदेडला करीन. पण आंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय ते तोंडात घास घालत नाहीत. नांदेडला पोचायला दुपार होणार. रिक्षा दारात आल्यावर शिवगंगानं पुन्हा ड्रम उघडला, तांब्याभर पाणी काढलं, कुलूप लावलं आणि रोजच्यासारखी किल्ली पिनेला अडकवली. माणिकप्पांची आंघोळ-पूजा होईपर्यंत रिक्षावाला कुरकुरत होता. निघताना तिनं घराला कुलूप घातलं आणि घराची किल्ली चांदबीच्या हातात दिली. चांदबीनं किल्ली कनवटीला लावली. हीच ड्रमची किल्ली, असं चांदबीलाही वाटलं आणि शिवगंगालाही.

चाकूरला बस दहा मिनिटं थांबते. मागच्या सीटवर दोघं म्हातारे उदगीर जिल्हा होणार की नाही यावर बोलत होते.

"उदगीर झालं तर चाकूर कुठं घालतेत?"

"कुठं बी घालू दे. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला तवा पेढे वाटले म्या. आता टँकरच्या मागं पळून राहिलो."

शिवगंगानं फोन कानापासून दूर धरून नवऱ्याला किल्ली दाखवली. भीमाशंकर किल्लीकडे बघत राहिला.

"अवो, काय करायचं?"

"सरदारला म्हणावं फोड कुलूप."

फोनवर सरदार आला. "भीमाशंकरभाऊ, हातोडा मारून बघितला. पट्टी मीच मारली ना, हलत नाही. कुलूप त्याच्याहून वाईट. कापायला ग्रँडर लावलं असतं, तर लाईट नाही."

माणिकप्पा खिडकीपाशी बसले होते. "फुटत न्हाई ते," ते म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. दमून गेलेल्या माणसाचा आवाज होता.

फोनमध्ये मागून चांदबी कुणाशी तरी भांडताना ऐकू येत होती. घरातली भांडी बाहेर काढून भरते म्हणत होती. बायका म्हणत होत्या, घागरी बंद म्हणजे बंद, तूच तर सगळ्यांत आधी हात वर केलतास. मग ती पुन्हा फोनवर आली. "पाइप कोपऱ्याच्या घराला लागलाय. तुमचं घर सोडून जाईल पुढं. आखरी में बचा तो मिलेगा. टँकरवाल्याला चहा पाजते मैं, लेकिन कितना पाजूँ?"

समोरच्या फलाटावर लातूरची बस लागली होती. शिवगंगा म्हणाली, ड्रायव्हरच्या हाती किल्ली देऊ, सरदार स्टँडवर येऊन घेईल. भीमाशंकर उतरून विचारून आला. ड्रायव्हर म्हणाला, डबा दे, पाकीट दे, नेतो. पण पाण्याची किल्ली घेत नाही. मागच्या आठवड्यात एकाची घेतली, उशीर झाला, तो आगारात भांडायला आला.

"मग मीच जातो," भीमाशंकर म्हणाला. "ड्रम भरला की मागच्या बसनं येतो. संध्याकाळपर्यंत पोचतो नांदेडला."

"अन् न्हाई मिळालं पाणी तर?"

"तर पुढच्या टँकरपर्यंत काय पिणार, ते बघायला कुणीतरी पाहिजे तिथं."

शिवगंगानं पिन उघडून किल्ली त्याच्या हातात दिली. तो माणिकप्पांकडे वाकला. "मामा, तुम्ही जावा. मी येतोच मागनं."

माणिकप्पांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. ते आता उठतील असं शिवगंगाला वाटलं. कंडक्टर आत चढला, त्यानं तिकिटं मोजली, एक माणूस कमी का म्हणून विचारलं. त्यानं घंटी दिली. पिशवी मांडीवरच राहिली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान मोकळं होतं. एका विहिरीच्या काठावर माणसं वाकून आत बघत उभी होती.

अहमदपूरला वीरभद्रचा फोन आला. "अक्का, कुठवर आलात? ठेकेदार म्हणतोय, माणसं आलीत, आज चारलाच सुरू करतो. अप्पांना सांग. दाजी हायेत ना सोबत?"

शिवगंगानं फोन वडिलांकडे दिला. माणिकप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"हाव," ते म्हणाले. "जावईबापू सोबत हायेत."

फोन बंद करून त्यांनी तो लेकीला परत दिला आणि बाहेर बघत बसले.

बस सुटताना चांदबीचा फोन पुन्हा आला. पाइप शिवगंगाच्या घरावरून पुढे गेला होता. अजून आठ-दहा घरं बाकी होती. सरदार लाईटची वाट बघत ड्रमवर बसून होता. टँकरवाल्याचा तिसरा चहा झाला होता. भीमाशंकरची बस लातूरच्या वाटेवरचं आष्टामोड सोडून पुढे आली होती. टँकरमध्ये किती पाणी उरलंय, ते बाहेरून दिसत नव्हतं.